एफ वाजत नाही, त्यात बोटांचा काय दोष?

ताई,
मी पाचोऱ्याची, वय २२. जळगावला इंजिनिअरिंग झालं, आता पुढच्या महिन्यात ऐरोलीला नोकरीवर रुजू व्हायचंय. तीन वर्षांपूर्वी साडेतीन हजारांची गिटार ऑनलाइन मागवली होती, मोबाइलवर बघून बघून शिकले. साधे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, येतात, चार गाणी येतात. एफ नावाचा कॉर्ड मात्र काही केल्या वाजत नाही, बोटं सोलून निघतात. पहिल्या एक-दोन पगारांतून चांगली गिटार घ्यायची आहे, १५ हजारांपर्यंत. मुंबईत दुकानं कुठे शोधायची? जळगावात पप्पांबरोबर एका दुकानात गेले होते, तर दुकानदार सगळं पप्पांशीच बोलला, आणि पप्पांना कापसाच्या भावापलीकडे त्याच्याशी काय बोलावं ते कळेना. वर घरी येऊन म्हणाले, घ्यायचंच तर पेटी घे, हे इंग्रजी वाद्य कशाला! दुसरं म्हणजे, समोर बसून कुणाला वाजवताना मी आजवर एकदाही बघितलेलं नाही. मुंबईत असं कुठे ऐकायला मिळतं, जिथे एकटी मुलगी जाऊन बसू शकेल आणि दारू घ्यावी लागणार नाही? आणि दुकानात चार लोकांसमोर वाजवून बघायची लाज वाटते, त्याचं काय करू?
– एक वाचक, पाचोरा

बेटा,

मुंबईचं नंतर. आधी घरातली ती साडेतीन हजारांची गिटार मांडीवर घे आणि घरातल्या सगळ्यांची एटीएम कार्डं गोळा कर. उठावाचे आकडे नसलेली, सपाट कार्डं हवीत. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या फ्रेट, आणि दोन फ्रेटमधलं ते घर. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे जिथे बहुतेक गिटारींवर दोन ठिपके असतात तिथे, सगळ्यात जाड तारेखाली ती एकावर एक ठेवून अलगद सरकव. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या जेमतेम वर असते, कुठल्याही बँकेचं घे. तीन कार्डं तारेला न उचलता गेली आणि चौथं अडलं, तर ठीक आहे. चार गेली तर तारा उंच आहेत, गिटार दाबायला जड आहे. पाच गेली तर तू तीन वर्षं गिटार नाही, शेताच्या बांधावरचं तारेचं कुंपण दाबत होतीस.

आता दुसरी परीक्षा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असेल तर तो पहिल्या फ्रेटवर लाव, नसेल तर कुणाचा तरी आण. मग एफचाच आकार एक घर पुढे सरकवून धर. एकदम सोपा वाटला ना? मग दोष वरच्या टोकाला आहे, खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांमधून जातात तिथे. तिला नट म्हणतात. स्वस्त गिटारींत त्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात, त्यामुळे पहिल्याच घरात तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. आणि एफ बसतो नेमका पहिल्याच घरात. मोबाइलवर शिकवणारे सगळे 'सराव करा, सराव करा' म्हणतात. करावाच. पण खाच उंच असेल तर सरावाने फक्त मनगट दुखतं.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. आम्ही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, वडील गार्ड होते. शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल राहायचे. डिसेंबरात नाताळच्या सुमारास ते व्हरांड्यात गिटार घेऊन बसले की आम्ही पोरं पायरीवर. ते पुढे रिटायर होऊन ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेले, आणि मी वडिलांच्या मागे लागून १९८९ साली एक गिटार आणायला लावली. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानातून त्यांनी ती ड्यूटीवरून परत येताना ब्रेकव्हॅनमधून आणली. दिसायला इतकी सुरेख, की शेजारपाजारचे बघायला आले. वाजवायला घेतली आणि आठवड्याभरात डाव्या हाताच्या तीन बोटांना हळद लागली. मला वाटलं, आपले हातच कापूस वेचायच्या लायकीचे. पाच वर्षं तसंच वाटत राहिलं.

१९९४ ला बँकेच्या नोकरीसाठी मुंबईला गेले, गिटार बरोबर होती. हॉस्टेलमधली एक गोव्याची मुलगी म्हणाली, धोबी तलावला एकाला दाखव. जुन्या चाळीचा लाकडी जिना, दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ, पुढ्यात टेबल. त्यांनी गिटार वाजवलीच नाही. आडवी धरली, एक डोळा मिटून मानेच्या कडेने बघितलं, जसं आपल्याकडे तिफणीचा दांडा सरळ आहे का बघतात तसं. मग तारा सैल करून, गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजमधली पांढरी पट्टी चिमट्याने उपसली. सतारवाले ज्याला घोडी म्हणतात तेच काम ही पट्टी करते, गिटारवाले तिला सॅडल म्हणतात. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरलेला होता. त्यावर पट्टी उभी धरून ते घासत राहिले. मध्येच थांबून उजेडाकडे धरायचे, पुन्हा घासायचे. मग बारीक कानशीने नटच्या सहा खाचा, प्रत्येकीला तीन-चार हात. वीसेक मिनिटं झाली असतील. तारा चढवल्या, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, एफ पकड. पकडला. सहाही तारा बोलल्या. साठ रुपये घेतले त्यांनी.

मी जिन्यात बसून राहिले बराच वेळ. पाच वर्षं गेली होती गं माझी, आणि काम वीस मिनिटांचं होतं.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर थोडं तिरकं आहे. चांगलं दुकान कोणतं? ज्याच्याकडे असा एक माणूस आहे ते. दुकानाची काच, एसी, भिंतीवर टांगलेल्या शंभर गिटारी यावर जाऊ नको. आत शिरल्यावर पहिला प्रश्न विचार, 'सेटअप तुमच्याकडे कोण करतं? इथेच होतो की बाहेर पाठवता?' सेटअप म्हणजे तेच, त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी केलं ते पट्टी घासण्याचं, खाचा खोल करण्याचं काम. विकणारा चाचरला, किंवा 'मॅडम, कंपनीतूनच सेट होऊन येतं' म्हणाला, तर हसून बाहेर पड. त्याने आतून कुणाला हाक मारली, तर थांब. तो आतून आलेला माणूस हेच दुकान. दुसरा फायदा असा की हा प्रश्न विचारलास की दुकानदार पप्पांशी बोलणं आपोआप बंद करून तुझ्याशी बोलायला लागतो. मी बरोबर माझ्या मोठ्या भावाला घेऊन जायचे तेव्हाही हीच गत होती, हा उपाय त्या काळातला आहे.

आता जागा सांगते. धोबी तलाव. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला ये, तिथून सीएसएमटीची फास्ट धर. स्टेशनातून बाहेर पडून महापालिकेवरून सरळ चालत राहायचं, कामा हॉस्पिटल, झेवियर्स कॉलेज मागे टाकलं की मेट्रो सिनेमाचा चौक. दहा-बारा मिनिटं लागतात. तिथे फुर्ताडो आहे, १८६५ पासूनचं. आपल्याकडे १८६५ सालचं काही दाखवायचं तर वाडाच दाखवावा लागतो, आणि तिथे त्या सालापासून वाद्यं आणि स्वरलिपीची पुस्तकं विकली जातायत. हा भाग वाद्यांचा का झाला तेही ऐक. इथल्या जेर महालसारख्या इमारतींमध्ये गोव्याच्या गावागावांचे कूड होते, म्हणजे गावकीच्या खोल्या. आपल्या पोरांना पुण्याला गाववाल्यांची खोली असते ना, तसंच. बोटीवर जाणारे खलाशी तिथे उतरायचे, तसे व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार वाजवणारेही. त्यांतले कितीतरी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बसले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही मोठमोठ्या संगीतकारांसाठी वाद्यमेळ बांधणारी माणसं गोव्याचीच. वाजवणारे जिथे राहतात तिथे तार विकणारा येतो, आणि त्याच्यामागून तार दुरुस्त करणारा. आमचे ते जिन्यावरचे गृहस्थ आता नाहीत, पण त्या गल्ल्यांत तुला दुसरं कुणी भेटेल. रविवारी जाऊ नको, त्या भागातली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी, गर्दीच्या आधी जा.

दादर पश्चिमेला हरिभाऊ विश्वनाथ आहे. पेटी, सतार, तबल्यासाठी पिढ्यान्पिढ्या लोक तिथे जातात. पप्पांना मुंबई दाखवायला आणशील तेव्हा तिथे घेऊन जा, पेटीवरून त्यांचं आणि दुकानदाराचं छान जमेल. बांद्र्याला भार्गवाज आहे, तिथे इलेक्ट्रिकवाल्यांची वर्दळ जास्त. ठाणे-वाशीतही दुकानं आहेत, तारा आणि किरकोळ गोष्टींसाठी तीच बरी, तारेच्या एका पाकिटासाठी सीएसएमटी गाठायची गरज नाही. पण पहिली गिटार घेताना मात्र निदान तीन दुकानं फिर, आणि पहिल्या दिवशी काहीही घेऊ नको. पगार खात्यात आल्याच्या संध्याकाळी तर अजिबात नको!

लाजेचं म्हणशील तर दुकानात गाणं वाजवायचंच नसतं. ज्यांना खरंच कळतं ते गाणी वाजवत नाहीत. खुर्चीवर बस, एकेक तार मोकळी छेड आणि ती किती वेळ बोलत राहते ते ऐक. मग प्रत्येक तारेवर पहिल्या घरापासून बाराव्यापर्यंत एकेक घर दाबत जा. कुठे झणझण किंवा ठक्क असा मेलेला आवाज येतो का बघ. मोबाइलवरचा ट्यूनर लाव, तार सुरात आण. मग बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेड, आणि त्याच घरात दाबून छेड. दोन्ही वेळा काटा एकाच ठिकाणी यायला हवा. शेवटी मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरव, फ्रेटची टोकं हाताला बोचत असतील तर परत ठेव. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि एकही गाणं यावं लागत नाही. उलट बाजूला बसून जोरजोरात गाजलेल्या गाण्याची सुरुवात वाजवणाऱ्या मुलापेक्षा दुकानदार तुला जास्त वचकून राहील.

मॉडेलच्या बाबतीत मी फार खोलात जाणार नाही. १५ हजारांत यामाहाची एफ मालिका, कोर्ट, फेंडर आणि इबानेझच्या स्वस्तातल्या गिटारी, शिवाय केडन्स, वॉल्टसारखे देशी ब्रँड, सगळे बसतात. नावापेक्षा हातातली ती एक गिटार बघ. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी काढायला लाव, दोन्हींत फरक सापडेल. आकाराकडे मात्र नीट लक्ष दे. दुकानदार हमखास ड्रेडनॉट पुढे करतात, ती मोठ्या पोटाची. तुझी अंगकाठी लहान असेल तर उजवा खांदा वर चढून बसतो आणि तासाभरात मान आखडते. कॉन्सर्ट किंवा ऑडिटोरियम आकाराची मागून बघ, कंबर बारीक असते, मांडीवर नीट बसते. नायलॉन तारांची क्लासिकल घ्या, बोटांना मऊ, असंही कुणीतरी सुचवेल. तारा मऊ खऱ्या, पण मान रुंद असते आणि तुला गाण्याबरोबर कॉर्डच वाजवायचे आहेत, तर नको. स्टीलच्या तारांमध्येच हलका संच मिळतो, बारा नंबरऐवजी अकरा किंवा दहा माग. आणि १५ हजार सगळे गिटारवर घालू नको. दोन हजार बाजूला ठेव, सेटअप, जाड अस्तराची बॅग, तारांचा एक जादा संच यासाठी.

एक गोष्ट मुंबईचा दुकानदार तुला सांगणार नाही, कारण त्याने आपला मे महिना बघितलेला नाही. गिटारचं लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते फुगतं, वरची फळी किंचित वर येते आणि तारा उंचावतात. तीच गिटार तू मे महिन्यात पाचोऱ्याला आणलीस, बाहेर ४५ अंश, वर घरात कूलर रात्रभर चालू आणि दिवसभर बंद, तर लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात आणि अखंड लाकडाची फळी असेल तर चिरतेही. अखंड फळी म्हणजे सॉलिड टॉप. आवाजाला ती सरस, यात वाद नाही. पण तुझी गिटार वर्षातून तीन-चारदा मुंबई आणि खान्देश अशा दोन टोकांच्या हवेत हिंडणार आहे. तिच्यासाठी मी प्लायच्या फळीची, म्हणजे लॅमिनेटेड, गिटार घे असं म्हणेन. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. बंद कारमध्ये तर दुपारी पाच मिनिटंही ठेवू नको, डिंक मऊ होऊन ब्रिज उचलला जातो. माझ्या भाच्याचा असाच गेला, लग्नाच्या मांडवाबाहेर, जामनेर रोडला.

किंवा नवीन घेऊच नको, निदान लगेच. कार्डांची परीक्षा झाली ना? पाच कार्डं गेली तरी मान सरळ असेल तर जुनीच गिटार मुंबईला ने आणि तिचा सेटअप करून घे. हजाराच्या आसपास खर्च येईल. जमलं तर एफही वाजेल आणि सेटअप करणारा माणूस कसा आहे तेही कमी पैशांत कळेल. मग सहा महिन्यांनी त्यालाच विचारून नवीन घे. हे लोक बहुधा खरं सांगतात, कारण वाईट गिटारीची कटकट पुढे त्यांच्याच टेबलावर येते.

आता ऐकायचं. समोर बसून कुणाला वाजवताना एकदाही बघितलं नाही, हे वाक्य वाचून मी थांबले. बेटा, बघितलं आहेस, तुझं लक्ष गेलं नसेल. आपल्या वरातीत बँडच्या गाडीवर सिंथेसायझर घेऊन बसलेला माणूस आठव. गाणारा ऐनवेळी म्हणतो, 'भो, एक पट्टी खाले घे,' आणि हा नाचणाऱ्यांच्या धुरळ्यात, डाव्या हाताने घाम पुसत, गाणं न थांबवता पट्टी बदलतो. नवापूर, नंदुरबारकडच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी जाऊन बघ, भिल्ल आणि कोकणी आदिवासी पोरं बायबलची गाणी गिटारवर अशी वाजवतात की तुझ्या मोबाइलवरच्या मास्तरांनी बघत राहावं. आणि जळगावात जानेवारीच्या सुरुवातीला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, संभाजीराजे नाट्यगृहात. बालगंधर्व लहानपणी जळगावला मामांकडे राहायला होते, म्हणून त्यांचं नाव. तिथे चांगले वादक येतात आणि पुढून चौथ्या रांगेत बसलं तर बोटं दिसतात. सुट्टीवर येशील तेव्हा पप्पांना घेऊन जा. इंग्रजी वाद्य म्हणतात ना ते? त्यांना सांग, ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून राग वाजवले आणि विश्वमोहन भट्टांनी तिला जादा तारा लावून मोहनवीणा केली, १९९४ साली ग्रॅमीही मिळवलं. पेटी तरी कुठे आपली, तीही युरोपातूनच आली. पण हे दुसरं वाक्य जेवण झाल्यावर सांग.

मुंबईत तुझ्या घरापासून सगळ्यात सोपी जागा म्हणजे वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, ऐरोलीहून गाडी न बदलता जाता येतं. ठाण्याला गडकरी रंगायतन. इथे जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम लागतात, प्रेक्षक बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, तिकीट दोन सिनेमांइतकं, मध्यंतरात बटाटेवडा. तुझ्या वयाच्या पोरी नाक मुरडतात अशा कार्यक्रमांना. पण मागच्या रांगेत खुर्चीवर बसलेला गिटारवाला बघ. त्याच्यापुढे कागद असतो, त्यावर नुसते कॉर्ड लिहिलेले, आणि तो निवेदिकेचं बोलणं चालू असतानाच पुढच्या गाण्याची पहिली तार सुरात आणून ठेवतो. दोन तासांत पंचवीस गाणी, प्रत्येकाचा ठेका वेगळा. मी मुंबईत अकरा वर्षं होते, त्यात सगळ्यात जास्त शिकले ते दादरच्या शिवाजी मंदिरात डाव्या कडेच्या खुर्चीवर बसून. कार्यक्रम संपला की लोक गायकाकडे फोटोला धावतात. तू गिटारवाल्याकडे जा. तो वायर गुंडाळत असतो, त्याच्याशी कुणीच बोलत नाही. 'सर, तुमची गिटार कोण सेट करतं?' एवढंच विचार. माझा अनुभव असा की पाच मिनिटांत तुला एक पत्ता मिळतो, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीखही.

निव्वळ गिटार, जॅझ, सिम्फनी असलं ऐकायचं तर नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. एकाच आवारात पाच लहान-मोठी थिएटरं, कार्यक्रम साधारण साडेसहा-सातला सुरू होऊन नऊच्या आसपास संपतात, म्हणजे परतीची गाडी चुकत नाही. एकटी बाई तिथे बसली तर कुणी वळून बघत नाही, मी कित्येकदा ऑफिसच्या साडीवर, हातात डबा घेऊन गेले आहे. कपड्यांची आणि इंग्रजीची धास्ती घेऊ नको. तिकीट दाखवलं की खुर्ची तुझी. महालक्ष्मीला जी५ए नावाचं थिएटर आहे, लहान आणि जवळून बघता येईल असं. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा कला महोत्सव भरतो, नऊ दिवस, १९९९ पासून. बरंचसं फुकट आणि उघड्यावर, सीएसएमटीहून चालत. तिथे आधी जा, मुंबईची गर्दी आणि संगीत दोन्हीची एकदम सवय होते. बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा मोठा महोत्सवही फेब्रुवारीतच असायचा. त्याचं तिकीट महाग, पहिल्या वर्षी सोडून दे.

बारमधल्या कार्यक्रमांचं. तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते, जायला हरकत नाही. लोअर परळ, बांद्रा, अंधेरीकडे अशा जागा आहेत जिथे स्वतःची गाणी लिहिणारी तरुण पोरंपोरी वाजवतात. या जागा उघडतात आणि बंद होतात, मी आज नाव सांगेन ती तू जाशील तेव्हा असेलच असं नाही. त्यापेक्षा आवडणाऱ्या चार-पाच वादकांना इन्स्टाग्रामवर धर, ते जिथे वाजवतील तिथे तू जा. दारात वय विचारतात, बरीच ठिकाणं २१ च्या वरचे घेतात, तेव्हा आधार कार्ड जवळ ठेव. कव्हर चार्ज म्हणून पैसे घेतात, ते पुष्कळदा खाण्यापिण्यात वळते होतात. लिंबू सोडा माग, कुणी काही म्हणत नाही. सक्ती करणारी जागा असेल तर ती संगीताची जागा नव्हेच. बसायला स्टेजसमोर नको, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी बस. आवाज तिथे सगळ्यात नीट ऐकू येतो, कारण तो तिथूनच जुळवत असतो. आणि तो माणूस दारू पिऊन नसतो, कामावर असतो. एकट्या मुलीसाठी ही जागा बरी, हे मला बेस गिटार वाजवणाऱ्या एका मुलीने सांगितलं होतं. पहिल्या दोन-तीन वेळा ऑफिसमधल्या मैत्रिणीला ओढून ने. ठाण्याहून ऐरोलीकडे शेवटची गाडी रात्री बाराच्या सुमाराची असते, तिच्यावर विसंबू नको, अकराच्या आत ठाण्यात पोच. शेवटचं गाणं राहिलं तर राहिलं.

आईला यातलं किती सांगायचं ते तुझं तू ठरव. माझ्या आईला मी एनसीपीए म्हणजे बँकेच्या प्रशिक्षणाची जागा म्हणून सांगितलं होतं. अकरा वर्षं तिचा तोच समज होता, आणि मला त्याचं अजून थोडं वाईट वाटतं. तू नाट्यगृहापासून सुरुवात केलीस आणि पहिल्याच कार्यक्रमाला आईला बरोबर नेलंस, तर तुला खोटं बोलावं लागणार नाही.

पाचोऱ्याहून निघताना गिटार डब्यात आसनाखाली सरकवू नको. वरचा बर्थ आरक्षित कर, पायथ्याशी ती कुशीवर ठेव, तारा दोन-दोन फेरे सैल करून. नाशिक येईपर्यंत कुणीतरी काका हमखास विचारतील, 'पेटी शे का हाई?' त्यांना उघडून दाखव. पण वाजवून दाखवू नको, तारा सैल आहेत.

कार्डं किती गेली ते मात्र कळव. चार की पाच?